आधी तिचं होऊ दे

प्रिय ठमे,

पत्र पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझ्या वहिनीचं बरं चाललंय. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो आता घरातलाच झालाय. दोन गल्ल्यांपलीकडे राहून पत्र कसलं लिहितोस, म्हणशील. अगं, फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? मागे कोणीतरी भोकाड पसरलेलं असतं, नाहीतर कोणाचं तरी नाक पुसायचं असतं. शिवाय काही गोष्टी मला तोंडाने सांगता येत नाहीत.

पाळणाघरांच्या नियमावरच्या सुनावणीला तीन आठवडे झाले, पण ती काही डोक्यातून जात नाही. लहानपणी पाहुणे आले की तू आईच्या मागे दडायचीस. शाळेत कविता म्हणायला उभी केली, तर रडत घर गाठलं होतंस. तीच तू आमच्या नगरपालिकेच्या भरल्या सभागृहात उभी होतीस आणि मी शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो.

आमच्या ऑफिसातून नवा नियम आला तेव्हा तुझे हातपायच गळाले होते. घरात मुलं सांभाळायची तर घर तळमजल्यावर हवं, मुलांना दोन स्वतंत्र खोल्या हव्यात, नाहीतर दोन महिन्यांत बंद. तुझं घर तिसऱ्या मजल्यावर, खोल्या सगळ्या मिळून दोन. अठरा वर्षांचं पाळणाघर एका कागदाने उठणार होतं. तू फोन केलास, दादा, तू तिथेच कामाला आहेस, काहीतरी मार्ग सांग. मी काय सांगितलं? नियम तो नियम, अर्ज कर. माझी पोर तुझ्याच मांडीवर वाढली, हेही मला त्या वेळी आठवलं नाही.

वाटलं, रडशील आणि हातपाय गाळून बसशील. पण तू तर तुझ्यासारख्या बायका शोधत निघालीस. अकराजणी सापडल्या. वर्षानुवर्षं एकाच गावात एकच काम करत होतात, पण एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं, कारण दिवसा उंबरठा ओलांडायची सोय कोणालाच नाही. शेवटचं मूल घरी गेलं की तुझ्या स्वयंपाकघरात जमायचात. कोणत्या मुलाची आई नर्स आहे, कोणाचा बाप बस चालवतो, पाळणाघर बंद झालं तर कोणाला नोकरी सोडावी लागेल, सगळं एका कागदावर उतरवलंत.

सुनावणी दुपारी दोनला ठेवली होती. तू अर्ज टाकलास की दोन ही मुलांच्या झोपेची वेळ आहे, आम्हाला येता येणार नाही, संध्याकाळी साडेसहाला ठेवा. आमच्या ऑफिसात हसून हसून पुरेवाट झाली. हसणाऱ्यांत मीही होतो, खोटं कशाला बोलू. मग तू रोज दुपारी आमच्या साहेबांना फोन करायला लागलीस, मुलं उठू नयेत म्हणून दबक्या आवाजात. तिसऱ्या दिवशी साहेबसुद्धा फोनवर कुजबुजायला लागले आणि वेळ बदलून मिळाली.

सभागृहात तुमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी बोलायला उठल्या. अडखळत होत्या बिचाऱ्या. साहेबांनी त्यांना मध्येच तोडलं, आणि तू सवयीने बोलून गेलीस, "थांब रे, आधी तिचं होऊ दे, मग तुझं." तू जीभ चावलीस. पण साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि आजींचं संपेपर्यंत खरंच गप्प बसले. मग तू म्हणालीस, "नियम करा साहेब, आम्हाला ते हवेच आहेत. पण करायच्या आधी एक दिवस आमच्या घरी येऊन बसा."

पुढच्याच मंगळवारी साहेब तुझ्याकडे येऊन बसले. परतले तेव्हा शर्टाच्या बाहीला शेंबूड होता आणि चेहऱ्यावर कौतुक. खिडकीच्या जाळ्या, दाराची वरची कडी, एका बाईकडे किती तान्ही असावीत, हे तू त्यांना असं समजावलंस की ऑफिसात दोन दिवस तेच सांगत होते. ठमे, मला तुझा अभिमान वाटतो. हे मी तुला आजवर कधी म्हटलेलं नाही.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. तो नियम माझ्या हातचा आहे. साहेबांना संध्याकाळपर्यंत मसुदा हवा होता. मी बालवाडीचे जुने नियम काढले, 'बालवाडी'च्या जागी 'पाळणाघर' घातलं आणि सहाच्या ठोक्याला घरी गेलो. तुझा जिना मी हजार वेळा चढलोय, पण तळमजला लिहिताना एकदाही तुझं घर डोळ्यांपुढे आलं नाही. तू फोन केलास तेव्हा मला सगळं ठाऊक होतं आणि मी तोंड उघडलं नाही. आज तो नियम रद्द झाला. नवा मसुदा पुन्हा माझ्याकडेच आलाय. मी साहेबांना खरं काय ते सांगितलं आणि तुझ्याशिवाय एक ओळही लिहिणार नाही म्हणालो. शनिवारी सहानंतर कोरे कागद घेऊन येतो. आधी मला जे सुनवायचंय ते सुनव, मी मध्ये तोंड घालणार नाही. मग तू सांग आणि मी लिहितो.

तुझाच, तुझ्यासमोर खाली मान घालून उभा,
दादा