सुधीरचं बा-बा

पिंपळगाव रेणुकाई, मंगळवार, संध्याकाळ

माझा पोरगा सुधीर जाऊन वर्ष होत आलं. गिटार वाजवत तो इंग्रजी गाणी गायचा. त्याचे तिन्ही अल्बम त्याच्या पोरीने माझ्या मोबाइलवर भरून दिलेत. इंग्रजी कळत नाही, पण आजारपणात केलेल्या शेवटच्या अल्बममध्ये तो मला 'बा, बा' अशी हाक मारतो, त्यासाठी रोज ऐकतो. आज पोरीला हे सांगितलं.

"आबा, हाक न्हाई ती. बाबा गायचे त्या जॅझ गाण्यांत असे नुसते बोल घेतात. अर्थ नसतो त्याला."

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

मंग आजारपणात हेच बोल का सुचले त्याला? पोरीला काय कळतं? की मलाच...

आत्ता पुन्हा लावलं. 'बा, बा' आलं, आणि मी मोठ्याने ओ दिली.