नेव्हीचा वाटा किती टक्के

२८ सप्टेंबर, मुलुंड
नात गंधाली संशोधन संस्थेत आहे. शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्यांच्या विक्रीचा तक्ता करते. माझ्या जुन्या कारखान्यापाशी येऊन अडलीय. आमचे व्हॉल्व्ह दूध डेअरीलाही जातात आणि युद्धनौकांनाही, वार्षिक अहवालात मात्र सगळी विक्री एकत्र. ईमेलला उत्तर नाही. म्हटलं, तिथे अकाउंट्समध्ये जन्म गेला माझा, आठवड्यात आकडा आणतो. बायको, पद्मजा, म्हणाली, तुम्हाला घरातलं लाइट बिल सापडत नाही. दुर्लक्ष केलं.

३० सप्टेंबर
लवूला फोन. तो रिटायर होऊनही कंत्राटावर अजून तिथे स्टोअर्समध्ये आहे. म्हणाला, अनंता, नेव्हीचं काही विचारू नको, माझी नोकरी घालवशील. घाबरट. आम्हाला शाळेत वीररसाच्या कविता होत्या. याने त्या ऑप्शनला टाकल्या असणार.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
कारखान्यात यंत्रपूजा. आम्हा रिटायर्ड मंडळींना बोलावणं असतंच. लेथ मशीनला झेंडूचे हार. गहिवरलो. मनात दोन कविता चालीवर म्हटल्या, त्यात बराच वेळ गेला. नेव्हीच्या शेडला कुलूप, पण काचेतून पेढ्यांचे खोके दिसले. ढीगभर. डेअरीच्या शेडमध्ये थोडेच. डोकं चाललं. पेढे माणशी वाटतात, माणसं कामाच्या मानाने असतात. खोके मोजले, हिशेब केला.
गंधालीला कळवलं: सत्तर टक्के नेव्ही. तिने विचारलं, कशावरून? म्हटलं, आतली माहिती.

५ ऑक्टोबर
आकडा तक्त्यात गेला. तळटीप: ‘कंपनीतील माजी अधिकारी’. मी हेडक्लार्क होतो. सांगायचं राहिलं. तळटीप मोठ्याने वाचून पाहिली. चांगली वाटते.

८ ऑक्टोबर
लवू घरी आला. खोक्यांचा विषय सहज काढला. म्हणाला, मेल्या, त्या शेडाक एसी आसा, अख्ख्या कारखान्याचे पेढे थयच ठेवतत.
पद्मजा हसली. गंधालीला उद्या सांगतो. उद्या तिची मीटिंग आहे. परवा.

१० ऑक्टोबर
तिचाच फोन आला. मीटिंगमध्ये कुणी विचारलं, सत्तर टक्के, तर तेवढ्या ऑर्डरी कुठे दिसत का नाहीत? सांगितलं. पेढे. ती म्हणाली, बरं आजोबा.
त्या चौकटीत आता पुन्हा ‘माहिती उपलब्ध नाही’. साहेबांना तिने सांगितलं, चूक माझी, मी पडताळलं नाही. माझं नाव घेतलं नाही. पुढचा तक्ता तिच्याकडे देणार नाहीत.
पश्चात्तापावर चार ओळी लिहिल्या. यमक छान जुळलं. लाज वाटून फाडल्या.
आत्ता तिचा मेसेज आलाय, जेवलात का?
ताटावरून तसाच उठलो होतो. ‘हो’ म्हणून कळवलं.