विंडोजची तपासणी

प्रिय अमन,

तुझे मेसेज बघितले. उत्तर दिलं नाही, कारण रागात टाइप करायला बसले की मी भलतंच लिहिते. म्हणून कागद घेतला.

अंध मुलांना स्क्रीनवरचं मराठी आणि अहिराणी वाचून दाखवणारं आपलं सॉफ्टवेअर कॉलेजात असताना आपण दोघांनी सुरू केलं. अमळनेरला तुझ्या आत्यांकडून अहिराणी शब्द बोलून घेताना किती हसलो होतो! पुढे, काहीही बदललं की ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर आपोआप तयार होऊन तपासलं जावं, अशी सोय मी केली. विंडोजवर ते सारखं अडायचं. देवनागरी नावांच्या आवाजाच्या फाइली तिथे सापडायच्याच नाहीत. तपासणी फसल्याची लाल खूण दिसली की तू वैतागायचास, माझ्या मॅकवर तर चालतंय म्हणायचास. अरे, आपलं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या धुळ्याच्या त्या अंधशाळेत मॅक आहे कुणाकडे?

तिथल्या शिक्षिका सुनिताताई चोपड्याकडच्या, जन्मापासून दृष्टी नसलेल्या. नोकरी कायम व्हावी म्हणून त्यांना समितीपुढे पाठ घ्यायचा होता. आपण मुद्दाम गेलो. त्यांनी कळ दाबली आणि संगणक गप्प. पुन्हा दाबली. मुलं कान देऊन बसलेली. समितीतले साहेब चुळबुळायला लागले, तेव्हा तू सगळ्यांसमोर म्हणालास, "बाईंची कळ चुकली असेल." ताईंनी माझ्या दिशेने तोंड वळवलं. "मन्हं बोट चुकनं नही वं, रुची."

परतताना पारोळ्याला चहा घेताना तू सांगितलंस, शाळेला दिलेली नवी आवृत्ती अडू नये म्हणून विंडोजची तपासणीच तू बंद करून टाकली होतीस. आणि हे हसत सांगितलंस! मी चहा तसाच ठेवून उठले.

फाइलींचा घोळ मी निस्तरला. तपासणी पुन्हा चालू केली, तिन्हीकडे हिरवं आहे. समितीला काय घडलं ते कळवलं, तुझ्या नावासकट. ताईंना पुन्हा बोलावतील की नाही, अजून माहीत नाही.

रविवारी तुझे आईवडील सगाईचं पक्कं करायला आमच्याकडे येणार आहेत. त्यांना येऊ देऊ नकोस. नकार माझा आहे, घरच्यांचा नाही. सॉफ्टवेअर बिघडतं, ते मला कळतं. पण खरं माहीत असून जो माणूस दोष एका अंध बाईवर ढकलून मोकळा होतो, त्याच्याबरोबर मला संसार करायचा नाही. धुळ्याला जाऊन ताईंची माफी माग, जरूर माग. ती त्यांच्यासाठी, माझं उत्तर त्याने बदलणार नाही.

'तुझीच' लिहायला हात धजत नाही.

रुची