खान दुसऱ्या अंकात उठत नाही

१ मार्च
पेन्काने सकाळी माझ्या मनगटावर मार्चचा लाल-पांढरा दोरा बांधला. म्हणाली, वर्षभर ठणठणीत राहा. मी म्हटलं, माझ्या तब्येतीला काय धाड भरलीये? तिने फक्त संडासाच्या दाराकडे बघितलं. बायकोला पुरुषाचं शरीर कळत नाही. या वयात माणूस रात्री उठतोच. मी तर विचार करायला उठतो.

मोठी बातमी: गावच्या नाटक मंडळाने माझं ‘म्हातारा खान’ स्वीकारलं. लेखक मी, आणि आमचा तो जुना राजा, खान, तोही मीच. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, तो पोरांनी जांभया देत ऐकला. आता सगळं गाव ऐकेल. प्रयोग चोवीस मेला. अख्खा दुसरा अंक खान सिंहासनावर बसून असतो. शत्रू येतो, मुलगा फितूर होतो, खान उठत नाही. तेच त्याचं मोठेपण.

९ मार्च
पहिली तालीम. दुसऱ्या अंकात खान तीनदा उठला.

दिग्दर्शिका बाईंनी विचारलं, ल्युबेन, हे संहितेत आहे का? मी म्हटलं, नवीन सुचलंय. खानाची अस्वस्थता.

मिंचो प्रधान झालाय. आमचा शेजारी, रिटायर्ड पोस्टमन. गेल्या वर्षी त्याचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. लोक लष्करातल्या आठवणी सांगतात तसा तो त्याबद्दल सांगतो. विंगेत मला कोपर मारून म्हणाला, अरे, धार बारीक झालीये ना? सुरू व्हायला वेळ लागतो ना? उगाच लाजू नकोस, डॉक्टरला दाखव. सगळ्यांसमोर! खानाच्या भूमिकेवर त्याचा डोळा आहे, हे मला लगेच कळलं.

११ मार्च
संकल्प. भोपळ्याच्या बिया रोज मूठभर. खाजकुइलीच्या मुळांचा काढा. कॉफी बंद. राकियाची दारू फक्त औषधापुरती.

१३ मार्च
काढ्यामुळे दुप्पट वेळा जावं लागतं. म्हणजे शरीर साफ होतंय. कॉफी सुरू केली, डोकं दुखत होतं.

२ एप्रिल
पेन्काने फसवलं. बाजारात जाऊ म्हणाली आणि दवाखान्यात नेलं. मूत्ररोगतज्ज्ञ कोण, तर नेवेना! माझी विद्यार्थिनी. हिला मी इतिहासात सहापैकी तीन दिले होते.

मी म्हटलं, अगं, एखादा पुरुष डॉक्टर नाही का? तर म्हणते, आहे की सर, सव्वाशे किलोमीटरवर. जाल का बसने? बस वाटेत कुठे थांबत नाही.

तिथेच राहिलो. तपासणीबद्दल लिहिणार नाही. एवढंच, की मी भिंतीवरच्या किडनीच्या चित्राकडे बघत होतो आणि ती म्हणाली, सर, श्वास घ्या, सनावळ्या आठवा. एकही सन आठवला नाही.

रक्ताची तपासणी चांगली आली, कॅन्सरची शंका नाही. ग्रंथी मात्र मोसंब्याएवढी. लघवी केल्यावरही मूत्राशय अर्धं भरलेलंच राहतं. नेवेनाने समजावलं: एक गोळी वाट सैल करते, लवकर गुण येतो. दुसरी ग्रंथी आकसवते, तिला काही महिने लागतात. नाहीच भागलं तर लघवीच्या वाटेनेच आत जाऊन खरवडायचं, पोटावर टाका नाही. आणि दुर्लक्ष केलंत तर लघवी तुंबून किडन्यांवर ताण येतो, सर. किडन्यांना फेरपरीक्षा मिळत नाही.

मुलगी हुशार निघाली. माझ्याच हाताखालची.

६ एप्रिल
गोळीने खरंच फरक पडला. पण आज सिंहासनावरून झटकन उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, मी थेट प्रधानाच्या मिठीत. मिंचो म्हणाला, हळू उठ रे, मलाही व्हायचं. नेवेनाला फोन कर, ती गोळी बदलून देईल.

फोन कशाला? गोळीच बंद केली. खान कुणाच्या मिठीत पडत नाही.

८ मे
सभागृहात गारठा. शिंका, नाक बंद. औषधाच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्या आणल्या. पेन्का म्हणाली, आधी नेवेनाला विचार. सर्दीसाठी मूत्ररोगतज्ज्ञ! हसावं की रडावं?

९ मे
चमत्कार! नाक मोकळं आणि रंगीत तालमीत खान एकदाही उठला नाही. अख्खा अंक! दुपारपासून जावंच लागलं नाही. दिग्दर्शिका बाईंनी टाळ्या वाजवल्या. मिंचोला म्हटलं, बघ, इच्छाशक्ती म्हणतात ती हीच. त्याने माझ्या पोटाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. मत्सर, दुसरं काय.

पोट जरा टम्म वाटतंय. पेन्काने कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून सार्मी केल्या होत्या, त्याचं असेल.

११ मे, इस्पितळ
सार्मीचं नव्हतं.

परवा रात्री सिंहही ओरडला नसेल असा ओरडलो. मिंचोने स्वतःची गाडी काढली. खानाचा अंगरखा माझ्या अंगावर तसाच. सगळ्या वाटेभर तो एका हाताने स्टिअरिंग आणि एका हाताने माझा हात धरून होता आणि एकदाही ऑपरेशनची गोष्ट सांगितली नाही. तेव्हा मी घाबरलो.

नेवेनाने नळी घातली. नळीला लावलेली पिशवी भरली, दुसरी लावली. मी तिचा हात धरून देवाची आणि तिची, दोघांची माफी मागितली. ती म्हणाली, सर, सर्दीच्या गोळीने वाट पार आवळली. जिला तुम्ही इच्छाशक्ती म्हणत होतात, तिने दोन्ही किडन्या सुजल्यात. मग हळूच म्हणाली, उतरेल सूज. वेळेवर आलात.

पेन्का खुर्चीत बसून रडत होती. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२० मे
घरी. किडन्यांचे आकडे सुधारतायत. त्या पूर्ववत झाल्या की ऑपरेशन. तोवर नळी आणि मांडीला बांधलेली पिशवी. मिंचोला म्हटलं, खान तू हो. संवाद पाठ आहेत तुला, मला ठाऊक आहे. तर म्हणतो, गाढवा, ते तुला प्रॉम्प्ट करायला पाठ केले. नेवेनाने परवानगी दिलीये. पिशवी आहे, अंगरखा लांब आहे, बस निवांत.

आता मला कोण उठवतो बघू!

२५ मे
काल प्रयोग झाला. सभागृह खच्चून भरलेलं. दुसरा अंक सुरू झाला आणि मी बसलो, तो डोंगरासारखा. शत्रू आला, मुलगा फितूर झाला. मी हललो नाही.

मग तिसऱ्या रांगेतून पाववाला उठला. वाकून, ‘माफ करा’ पुटपुटत बाहेर गेला. त्याच्यामागे आमचे जुने मुख्याध्यापक. मग नगराध्यक्ष. माझं मोठं स्वगत येईपर्यंत गावातले निम्मे साठीपुढचे पुरुष पॅसेजमध्ये संडासाच्या रांगेत उभे होते आणि मी त्यांच्या बायकांना राज्य कसं सांभाळावं ते सांगत होतो. तरीही स्वगताच्या शेवटच्या ओळींना उरलेल्या पुरुषांमध्ये अशी शांतता पसरली, की टाचणी पडली तरी ऐकू यावी. माझे डोळे भरून आले.

प्रयोगानंतर नेवेना भेटली. पॅसेजमध्येच तिने सात जणांना तपासणीच्या वेळा देऊन टाकल्या होत्या. मी विचारलं, अगं, ती शेवटची शांतता ऐकलीस? लोक किती हेलावले होते!

ती म्हणाली, सर, लघवी घट्ट धरून बसलेला माणूस बोलत नाही.