तिळगुळाचे आकडे

नंदनवन, नागपूर
२८ जानेवारी

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

पहिला ट्रक आत घेताना फाटकाचा उजवा खांब गेला. दुसरा आता आत येतो आहे. ड्रायव्हर आपल्या रामाजी मिस्त्रींना दोष देतो, मिस्त्री फाटकाला. तेवढ्यात हे लिहून घेते, म्हणजे खांबाची बातमी तुम्हाला दुसरीकडून कळणार नाही.

कूलरचा पत्रा यंदा लवकर मागवला आणि जास्त मागवला. चिडण्याआधी पुढचं वाचा. मोठ्या आत्यानं तुमचा फोन डाळीच्या डब्यात ठेवून पत्रं लिहायला लावली ती यासाठीच. ऑपरेशननंतर तुमचा आवाज चढता कामा नये, आणि कागदावर आवाज चढत नाही असं तिचं म्हणणं.

मिहानमधल्या नोकरीत सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या गोदामांसाठी जे करत होते, ते आपल्या कारखान्यासाठी केलं. त्याला निर्णय साहाय्य प्रणाली म्हणतात. नाव मोठं आहे, काम साधं. संगणकात मागच्या हंगामांची विक्री भरली, तापमान भरलं, पत्र्याचे भाव भरले, लग्नाच्या तिथीही भरल्या, कारण आंदणात कूलर जातो. मग त्याला विचारायचं: इतके कूलर केले तर किती उरतील, किती कमी पडतील? पत्रा आता घेतला तर काय, होळीनंतर घेतला तर काय? तो ठरवत नाही. आपण काय ठरवतो आहोत ते दाखवतो.

तिळगुळाची फेरी रामाजी आणि मी केली. तुम्ही जसे दर संक्रांतीला जिल्ह्याजिल्ह्यातल्या दुकानदारांना तिळगूळ देऊन हंगामाचा आकडा विचारता, तसाच विचारला. चंद्रपूरच्या आनंदरावांनी वडी तोंडात टाकली, हात जोडले आणि चारशे पाठवा म्हणाले. गोंदियाचे वसंतराव दोनशे म्हणाले आणि आत गेले. सगळे आकडे मी संगणकात भरले. त्याच्या मते यंदा निम्मा माल चंद्रपूरचा.

आपला करार मला पाठ आहे. हा हंगाम माझा. अक्षय्य तृतीयेला शेडमध्ये माल पडून राहिला, तर शेड त्या टाइल्सवाल्याला भाड्यानं जाईल आणि मी मिहानला परत. राहणार नाही.

गोळ्या वेळेवर घ्या. रागावलात तरी माया तेवढीच ठेवा.

तुमची,
मधुवंती

आर्वी
४ फेब्रुवारी

चि. मधुवंती हिस अनेक आशीर्वाद.

खांबाचं कळलं. तो मी दोनदा पाडला आहे, त्यामुळे बोलत नाही.

तुझं पत्र सुभद्राताईला वाचून दाखवलं. चारशेवर आलो आणि हसू आवरेना. टाके ओढले गेले. ताईनं पत्र काढून घेतलं.

बेटा, आनंदराव तिळगूळ हातात घेऊन गेलेल्या कोणालाही चारशे म्हणतो. दारात पाहुणा, तोंडात वडी, आणि तो काय कमी सांगेल? ते त्याचं गोड बोलणं आहे. तुझ्या आजोबांच्या वेळेपासून तो चारशेच म्हणतो आणि एकशे सत्तरच्या आसपास नेतो. वणीचा दुकानदार उलट. तो कपाळाला हात लावून सांगतो की यंदा धंदा बसला, आणि एप्रिल तापला की शंभरासाठी स्वतः टेम्पो घेऊन येतो. मी आकडा ऐकायचो आणि घरी येईपर्यंत स्कूटरवर तो दुरुस्त करायचो. तू माणसांची गोडी तशीच्या तशी मशीनला खाऊ घातली. त्याला साखरेचा त्रास होईल.

सोबत लिहून देतो, कोणाचा आकडा किती धरायचा ते. चंद्रपूर निम्म्याहून कमी. वणी दुप्पट. गोंदिया निम्मा.

पत्रा लवकर घेतलास ते बरं केलंस. ही गोष्ट मी ताईसमोर म्हटलेली नाही.

आमचं मशीन आर्वीत खाटेवर पडून चालतं आहे. लाइट गेली तरी चालतं. तुझी आठवण रोज निघते, हे वेगळं लिहायला नको.

तुझा,
बाबा

नंदनवन
१३ फेब्रुवारी

ती. बाबा,
सा. न.

हरले. तुमचं पत्र रामाजींना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, त्यांना हे ठाऊक होतं. मग सांगितलं काहून नाही, असं विचारलं. म्हणाले, बाई, तुम्ही मले विचारलंच नाही, तुम्ही त्या डब्ब्याले विचारून राहिल्या होत्या.

आता प्रणालीत एक नवा रकाना केला आहे. दुकानदार काय म्हणाला आणि शेवटी त्यानं काय नेलं, यातला फरक. म्हणजे तुमची स्कूटर आत बसवली. चंद्रपूर तुम्ही सांगितलं तसंच निघालं. वणीही. तुम्ही खाटेवर पडून जे सांगता ते तपासायला संगणकाला हंगामच्या हंगाम लागले, आणि त्यानं तुम्हाला पास केलं.

गोंदियात मात्र नापास केलं.

तिथला आपला माल दर वर्षी एप्रिल लागताच संपतो. त्यानंतर विक्री शून्य. मीही ते शून्य पाहून मागणी नाही असंच समजले होते. पण दुकानात कूलरच नसेल तर विकणार काय? विक्री नाही म्हणून आपण माल देत नाही, आणि माल देत नाही म्हणून विक्री नाही. संगणक हे स्वतःहून सांगत नाही. मी विचारलं तेव्हा दाखवलं.

परवा गोंदियाला जाऊन आले. वसंतराव म्हणाले, एप्रिलनंतर ते रायपूरचा माल ठेवतात. दोनशे मागितले की नागपूरहून शंभर येतात, हे त्यांना वर्षानुवर्षं माहीत आहे. मी कारण विचारलं तेव्हा ते चहा सांगायच्या निमित्तानं उठले. मग त्यांच्या बायकोनं, काकूंनीच, सांगितलं. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात मांडवात आपले कूलर होते. त्यातल्या एकानं व्याह्यांच्या फेट्यावर पाण्याचा फवारा मारला. वसंतराव सगळ्यांसमोर म्हणाले, हा असा नागपूरचा माल. तुम्ही जेवणाच्या पंगतीतून उठून गेलात. ती थोरली आता तिच्या मुलीसाठी स्थळं पाहते आहे, बाबा.

प्रणालीत हवेचा रकाना आहे, भावाचा आहे, तिथींचा आहे. रागाचा नाही. तो तुमच्या निम्म्यात होता.

आता प्रश्न असा. गोंदियाला पूर्ण दोनशे दिले आणि तिकडे ऊन उशिरा तापलं, तर अक्षय्य तृतीयेला तो माल आपल्या शेडमध्ये परत आलेला असेल आणि शेड गेली. निम्मे दिले तर धोका नाही. हंगाम दर वर्षीसारखा जाईल. दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली आहेत. मला दोनशे पाठवावेसे वाटतात. तुम्ही सांगाल तसं.

आत्याला नमस्कार. तुमचा विश्वास थोडा उसना द्या.

मधुवंती

आर्वी
२० फेब्रुवारी

चि. मधुवंती,
आशीर्वाद.

त्या कूलरचा दोष नव्हता. कोणा वऱ्हाड्यानं टाकी काठोकाठ भरून, समोरची जाळी काढून पंखा जोरात सोडला होता. वसंताला हे तेव्हाही सांगितलं होतं.

तुझं मशीन ठरवत नाही म्हणतेस. मग मीही ठरवत नाही. खुर्चीवर तू बसली आहेस. मी सांगितलं आणि चुकलं, तर तू म्हणशील बाबांचं ऐकलं. बरोबर आलं, तरी तेच म्हणशील. दोन्हीत तू कुठे राहिलीस?

पाठवायचे असतील तर पाठव. फक्त माझ्या नावानं पाठवू नको.

लिहून हात दुखतो. प्रेम आहे, ते मोजत बसू नको.

बाबा

नंदनवन
अक्षय्य तृतीया

ती. बाबा,
साष्टांग नमस्कार, आणि आज तो जरा लांबलचक.

शेड रिकामी आहे. आपण बोललो की आवाज घुमतो. रामाजींनी सकाळी झाडून घेतलं आणि मधोमध खुर्ची टाकून बसले. म्हणाले, एवढी जागा आपल्याकडे होती हेच माहीत नव्हतं.

गोंदियाला दोनशे पाठवले, माझ्या नावानं. मार्चच्या शेवटी ऊन फुटलं. आठवडाभर वसंतरावांचा फोन नाही. मी जेवत नव्हते. रामाजी रोज दुपारी फाटकापर्यंत जायचे, परत आलेला टेम्पो दिसतो का पाहायला. मग फोन आला. वसंतराव हॅलोही म्हणाले नाहीत. आणखी शंभर, एवढंच म्हणाले. चार दिवसांनी पुन्हा पन्नास. रायपूरवाल्याला यंदा त्यांनी ऑर्डरच दिली नाही. लवकर घेतलेला पत्रा होता म्हणून आपल्याला ते जमलं. तोवर बाजारात पत्रा मिळेना, आणि शेजारचे कारखाने हात बांधून बसले होते.

चंद्रपूरनं एकशे अडुसष्ट नेले. आनंदराव म्हणतात, पुढच्या वर्षी नक्की चारशे.

शेवटचा कूलर काल संध्याकाळी महाल भागातल्या एका लग्नघरी गेला. तो आपल्या घरच्या खिडकीसाठी ठेवला होता. नवरीची आई स्वतः आली, मी नाही म्हणू शकले नाही. त्यामुळे नागपुरात यंदा कूलर नसलेलं घर कारखानदाराचं आहे. मी ओला टॉवेल अंगावर घेऊन हे लिहिते आहे आणि मला कमालीचं छान वाटतं आहे.

वसंतराव पुढच्या हंगामाचा तीनशेचा करार करायला तयार आहेत. अट एक. तुम्ही त्यांच्याकडे जेवायला यायचं, आणि पंगत उठेपर्यंत उठायचं नाही. मी म्हटलं, हे मला ठरवता येत नाही, आणि आमच्या प्रणालीलाही नाही.

शेडचं काय ते तुम्ही लिहा. तुमच्या हाताचं अक्षर यावं, एवढी वाट पाहते.

तुमची लाडकी, आणि जिंकलेली,
मधुवंती

आर्वी
४ मे

चि. मधूले आत्याचा भरभरून आशीर्वाद.

तुझ्या बापाच्या हाताचं अक्षर येणार नाही, म्हणून मी लिहून राहिली. माझं लिहिणं वाचता आलं नाही तर रामाजीले दाखव.

तुझं पत्र परवा दुपारी आलं. तुझ्या बापानं एकदा मनात वाचलं, एकदा मले वाचून दाखवलं, मग शेजारच्या रुखमाबाईच्या ओट्यावर जाऊन सगळ्या आळीले ऐकवलं. ते मशीन कसं चालते ते त्यानं असं सांगितलं वं, की जसं यानंच बनवलं. सगळे पोरीचं कौतुक करून राहिले होते, तर म्हणे, पोरगी हुशार हाये, पण त्या डब्ब्याले अक्कल मी शिकवली. मी म्हटलं, अन् गोंदियाची अक्कल तुले कोणं शिकवली? मग चप्पल घालून घरी आला.

रात्री जेवताना शेडचं विचारलं तर आणखी भाकर मागितली. वसंताचं विचारलं तर पाणी प्यायला. मले वाटलं, गेलं सगळं. तू मनाले लावून घेशील म्हणून मले झोप नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डाळीच्या डब्ब्यातून फोन काढला अन् टाइल्सवाल्याले शेड देत नाही म्हणून सांगितलं, शेड पोरीची हाये. मग धुतलेला सदरा घातला, एसटीनं पुलगावले गेला अन् तिथून गोंदियाची गाडी धरली.

तुझी,
सुभद्रा आत्या