एका पेगाने कमी असलेली बाटली

अण्णा,

सावेडीचा फ्लॅट रंगवायला काढलाय, म्हणून तुमचं लोखंडी कपाट मी आज रिकामं करत होतो. स्वेटरांच्या घडीमागे ती बाटली निघाली. मी दिलेली भारतीय सिंगल माल्ट, एका पेगाने तेवढी कमी. तेव्हा मासिकात माझं नवं सदर सुरू झालं होतं. दर महिन्याला एक व्हिस्की चाखायची आणि ती तिच्या किमतीला जागते का, ते वाचकांना सांगायचं. हिला मी भरभरून गुण दिले होते. धान्य आपलं, मुरली ती आपल्याच उन्हाळ्यात, आणि तरी परदेशी बाटलीच्या शेजारी मान वर करून उभी राहते, असं काहीसं लिहिलं होतं. भिंगारच्या वर्कशॉपात जन्मभर मिलिटरीच्या गाड्यांची इंजिनं उतरवणाऱ्या माझ्या वडिलांनी एकदा तरी चांगली चीज प्यावी, म्हणून दुसरी बाटली विकत घेऊन नगरला आलो.

तो रविवार मला स्वच्छ आठवतो. आत मटण शिजतंय. तुम्ही बनियनवर बसलाय, समोर भाजलेल्या शेंगांची परात, आणि शेजारचे चाचा नेहमीप्रमाणे फक्त शेंगा खायला आलेत. आयुष्यात थेंबाला न शिवलेला हा माणूस तुमच्या प्रत्येक बैठकीला हजर असायचा. मी पिशवीतून काचेचे दोन निमुळते ग्लास काढले, दोन्हींच्या तळाशी अर्धा-अर्धा पेग व्हिस्की ओतली आणि ड्रॉपरने पाण्याचे दोन थेंब टाकले. तुम्ही ग्लास उजेडाला धरून म्हणालात, "हे प्यायचं हाय का डोळ्यात घालायचं?" चाचांना हसताना ठसका लागला. मीही हसलो. मग वास कसा घ्यायचा, घोट जिभेवर कसा फिरवायचा, ते तुम्हाला समजावून सांगितलं. तुम्ही एक घोट घेतलात, तोंड जरा वाकडं केलंत आणि म्हणालात, "भारी हाय. पन लई कडक." मग उठून स्टीलचा पेला आणलात, ग्लासातली त्यात ओतलीत आणि वरून काळं कोल्ड्रिंक. वर्कशॉपातली सगळी मंडळी तशीच प्यायची, हे मला माहीत होतं. तरी मी बोललो. "अण्णा, ही अशी प्यायची नसते. मग साधी रमच प्यायची ना. हिची किंमत तरी बघा." आवाज चढवला नव्हता. संपादकाच्या खुर्चीतून नवशिक्याला सांगावं, तसं सांगितलं. तुम्ही पेला खाली ठेवलात. "व्हय, ते बी खरंच," एवढंच म्हणालात, आणि चाचांना शेंगा सोलून देऊ लागलात. बाटलीला बूच लावून ती आत नेऊन ठेवलीत. पेल्यातलं तसंच राहिलं. मटण झाल्यावर मी ते मोरीत ओतलं.

त्यानंतर फोनवर तुम्ही मधूनमधून विचारायचात, "कधी येतो? ती तशीच ठिवलीय. तू आला की तुझ्या पद्धतीनं घेऊ." मी म्हणायचो, अंक छपाईला गेला की येतो. अंक दर महिन्याला जायचा. आलोच तर सकाळी येऊन संध्याकाळी परत. एकदा तुम्ही समाधानाने म्हणालात, "मुरतीय म्हण, मुरू दे." व्हिस्की पिंपात मुरते, बाटलीत नाही. उघडलेली तर हवा लागून हळूहळू उतरत जाते. हे मी सदरात लिहिलं होतं, तुम्हाला मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर, "संपवून टाका, कोल्ड्रिंक घालून का होईना," असंही म्हणावं लागलं असतं. तेवढं माझ्या तोंडून निघेना. आणि मग तुम्ही गेलात.

आज चाचा आले होते. खूप थकलेत. बाटली बघून म्हणाले, "मी कितीदा म्हटलं त्यांना, पिऊन टाका म्हणून. तर म्हणायचे, पोराला ठाऊक हाय ती कशी घ्यायची. आपल्या हातनं वाया जाईल."

ते गेल्यावर मी बूच काढलं. ते हातातच मोडलं. ग्लासात ओतली, वास घेतला. ओल्या पुठ्ठ्यासारखा काहीतरी वास, मागे अगदी पुसट गोडवा. जिभेवर पाणचट, शेवटी नुसता कडवटपणा. सदरात आली असती, तर दोन ओळींत निकाली काढली असती. मग खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून काळ्या कोल्ड्रिंकची बाटली आणली. तुमचा स्टीलचा पेला अजून मांडणीत आहे. त्यात तुमच्यासारखंच मिसळलं आणि खिडकीत बसून सावकाश प्यायलो.

उद्या 'भारतीय सिंगल माल्ट कशी प्यावी' हा लेख द्यायचा होता. मघाशीच लिहून पाठवला. त्यात पाण्याचे दोन थेंबच आहेत, अण्णा. तुमच्या पेल्यातली मला आवडली, हे तिथं लिहायचं धाडस झालं नाही.