टक्

सोमवार, ४ मार्च
नऊ! बारापैकी नऊ! आणखी तीन दंडगुण मिळाले की लायसन्स सहा महिने जप्त — आणि माझं लायसन्स जप्त म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलला कुलूप. शिकवणारा मी एकटाच.

बायकोने आरटीओचं पत्र वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. ‘अहो, दहावीला गणितात किती पडले होते तुम्हाला?’ सात, मी म्हणालो. ‘मग प्रगती आहे!’

लोक अंगचे गुण लपवतात. माझे टपालाने घरपोच येतात.

मंगळवार, ५ मार्च
ठरवलं — आजपासून पाटीवर चाळीस तर चाळीस. पहिल्या चौकापर्यंत पाळलं. मागून एक सायकलवाली आजी घंटी वाजवत आली आणि मला मागे टाकून गेली! मग काय, आपला नेहमीचा खाक्या. कॅमेऱ्याचा खांब आला की ब्रेक, खांब गेला की पाय.

माणूस वेगाला भीत नाही, खांबाला भितो. हे माझं जुनं मत. मग नऊ गुण कसे? तीन खांब नवे होते. माहिती कमी पडली, एवढंच. (लाज वाटायला हवी. लिहून ठेवतो, म्हणजे पुढेमागे वाटेल.)

शुक्रवार, ८ मार्च
बुधवारी चिमीची लायसन्सची परीक्षा. लेक अठराची झाली, शिकली अर्थात माझ्याकडेच. म्हणजे टक् वर.

टक् ही आमच्या स्कूलची खासियत. ट्रकवर क्लीनर होतो तेव्हा पत्र्यावर थाप मारून उस्तादांना इशारा द्यायचो — एक थाप थांबा, दोन थापा चला. तीच विद्या इथे आणली. शिकणाऱ्यावर ओरडायचं नाही. डॅशबोर्डवर अंगठीने एकदा टक् — पाय आपसूक ब्रेकवर! परीक्षेलाही जुने इन्स्पेक्टर मला मागच्या सीटवर बसू द्यायचे. मी खिडकीच्या काचेवर हळूच टक् करायचो. बावीस वर्षं निकाल उत्तम.

सगळी कमाई कानांची. समोरची गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे, ते मी डोळे मिटून सांगतो.

‘डोळे मिटूनच चालवता, म्हणून तर नऊ,’ — बायको.

बुधवार, १३ मार्च
नापास! माझी मुलगी! माझ्याच गाडीत!

इन्स्पेक्टर बदललेत. नव्या बाईंनी मला फाटकातच उतरवलं. ‘तुम्ही बाकावर बसा, काका.’ काका!

वीस मिनिटांत गाडी परत. बाई म्हणाल्या, ‘हात सुरेख आहे हिचा. पण शाळेसमोर तीसची पाटी, आणि ही बावन्नवर! ब्रेक मला दाबावा लागला.’

चिमी रडवेली. ‘पण टक् झालंच नाही!’

‘टक् म्हणजे?’

मी खोकलो. खोकला कधी नव्हे तो वेळेवर आला.

परतताना स्टीअरिंग मी घेतलं. घरापर्यंत तिला व्याख्यान दिलं — पाटी कशासाठी असते, मर्यादा कशाला म्हणतात, शाळेतून पोरं कशी एकदम रस्त्यावर येतात. असं रंगलो की घर कधी आलं कळलंच नाही. चिमी एक अक्षर बोलली नाही. मनावर घेतलेलं दिसतंय.

गुरुवार, १४ मार्च
बायको पोळी वाढता वाढता म्हणाली, ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ आणि वर, ‘दंडगुण!’

हसलो. मग हातातला घास ताटात ठेवला. मुलीला पाटी वाचायला शिकवलंच नाही मी. फक्त माझं टक् ऐकायला शिकवलं. आणि तिच्याआधी किती जणांना? बावीस वर्षांत शिकवलेली पोरं माझ्या अंगठीविना रस्त्यावर फिरतायत!

अंगठी काढली. साबण लावून निघाली.

शनिवार, १६ मार्च
सराव. मी हात मांडीखाली दाबून बसलेला. चिमीने प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची, असा नवा नियम. ‘चाळीस... वळण... चाळीस... चपलांवर पन्नास टक्के सूट — वाढवू का, बाबा?’ कार्टी!

शाळेसमोर मात्र काटा तीसवर. तिथे खांब आहे की नाही, मलाही ठाऊक नाही. तिने शोधलाही नाही. खांब न शोधता हळू जाणारा माणूस आमच्या घरात पहिल्यांदाच बघितला.

सोमवार, २५ मार्च
चिमी पास! बाई म्हणाल्या, ‘काका, या वेळी काय शिकवलंत?’ म्हटलं, मी गप्प बसलो.

बुधवार, २७ मार्च
पत्र आलं. तीन. बारा भरले.

सोबत फोटो. तारीख तेरा, जागा तीच शाळा, तीसच्या ठिकाणी एकावन्न. स्टीअरिंगवर मी, व्याख्यान देताना, तोंड हे एवढं उघडं. शेजारी चिमी — बोट डॅशबोर्डवर टेकलेलं.

फोटो तिच्यापुढे धरला. हे काय?

‘तीनदा केलं, बाबा.’